क्रिमिनल जस्टिसच्या डिग्रीला गोव्यात इंटर्नशिप करायची आहे, क्रेडिट नक्की मिळतील ना?

डिचोलीकरीण
नमस्कार सगळ्यांना. मी डिचोलीची, गोव्याबाहेरच्या एका युनिव्हर्सिटीत बीए करतेय, विषय क्रिमिनॉलॉजी आणि क्रिमिनल जस्टिस. चौथं सेमिस्टर संपत आलंय आणि आता सुट्टीत इंटर्नशिप कंपल्सरी आहे, चार क्रेडिटची. हँडबुकात एका क्रेडिटला ३० तास असा हिशेब दिलाय म्हणजे १२० तास भरायचे. घरी राहूनच करायचं ठरवलंय कारण बाहेर खोली घेऊन फुकट राबणं परवडणारं नाही, स्टायपेंड कोणी देत नाही एवढं कळलंय.

आता घोळ असा की आमच्या कोऑर्डिनेटर सरांना विचारलं तर म्हणतात आधी करून या, सर्टिफिकेट आणा, मग क्रेडिटचं बघू. सीनियर म्हणतात टेन्शन घेऊ नको सगळ्यांना मिळतात, पण त्यांच्याच बॅचमधल्या एकीचं सर्टिफिकेट परत आलं कारण त्यात तास लिहिलेच नव्हते, नुसतं 'काम समाधानकारक' एवढंच, आणि तिला पुढच्या सुट्टीत सगळं परत करावं लागलं.

माझ्यापुढे सध्या काय काय आहे ते सांगते. काकांचे एक मित्र पोलिसात पीआय आहेत, ते म्हणाले उद्यापासून ये. म्हापशात बाबांच्या ओळखीचे एक वकील आहेत क्रिमिनल करणारे. मुलांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेला मेल टाकलाय, उत्तर नाही अजून. आणि मनातून विचाराल तर मला कोलवाळची जेल आतून बघायची आहे, प्रोजेक्ट पण त्यावरच करायचाय. आई म्हणते पोलीस स्टेशनात दिवसभर बसायचं नाही, बाबा म्हणतात ओळख आहे तर घे, आणि मी मध्ये. कुठे गेलं तर क्रेडिट धरतात आणि कुठे गेलं तर खरंच काही शिकायला मिळतं, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं का? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

झरीवाला_मेरशी
पीआयच्या ओळखीने गेलीस तर चहा तरी फुकट, तोच स्टायपेंड समज हाहाहा

म्हापशाचा_वकील
'आधी करून या मग बघू' हे वाचूनच मला घाम फुटला. गो बाय, एक गोष्ट नीट समजून घे, क्रेडिट पोलीस देत नाही, वकील देत नाही, जेलर देत नाही, क्रेडिट देतं कॉलेज. बाकीच्यांनी द्यायची ती हजेरी आणि शेरा. तुझ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात आकडा चढवणार तुझी युनिव्हर्सिटी, त्यामुळे सुरू करायच्या आधी त्यांच्याकडून लेखी घे की ह्या ठिकाणी, ह्या माणसाच्या हाताखाली, इतके तास केले तर चार क्रेडिट धरू. ईमेल चालेल. सर तोंडी बोलतात आणि पुढच्या वर्षी सर बदलतात.

तासांचा तुझा हिशेब बरोबर आहे. यूजीसीच्या २०२२च्या क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये इंटर्नशिप आणि फील्डवर्कला एका क्रेडिटचे ३० तास असंच धरलंय. लेक्चरच्या एका क्रेडिटला १५ तास पुरतात, ह्याला दुप्पट, हे पुष्कळ पोरांना माहीतच नसतं आणि ६० तासांत चार क्रेडिट झाले असं समजून घरी बसतात.

आमच्या लॉवाल्यांचं जरा वेगळं आहे पण तुला त्यातून घेण्यासारखं आहे म्हणून सांगतो. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप लागते, एका दमात चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि ट्रायल कोर्टातल्या वकिलाकडे एकदा तरी जावंच लागतं. पण खरी गोम त्याच नियमांतल्या शंभर मार्कांच्या प्रॅक्टिकल पेपरात आहे. मूट कोर्टाला, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटूच्या खटल्याला ३०, दोन खटले बसून बघायचे आणि त्याची नोंद ठेवायची त्याला ३०, अशिलाशी वकील कसा बोलतो, कागद कसे तयार होतात ते बघून डायरी लिहायची त्याला ३०, आणि १० व्हायवाला. म्हणजे मार्क बघायला नाहीत, बघून लिहायला आहेत. तुझ्या कॉलेजने असला फॉर्मॅट दिला नसेल तर हाच घेऊन सरांपुढे ठेव, 'सर मी अशी डायरी लिहीन' म्हणून सांग, नाही म्हणायला त्यांना कारणच उरणार नाही.

आणि कोर्टात बसायला कोणाचं पत्र लागत नाही हे लक्षात ठेव. फौजदारी खटला उघड्या कोर्टात चालतो, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतो, लैंगिक गुन्ह्यांचे वगैरे बंद दाराआड चालतात तेवढे सोडून. पत्र लागतं ते तासांवर सही पाहिजे म्हणून.

निवृत्त_हवालदार_सत्तरी
माझी सगळी नोकरी पोलिसात गेली, पोरांना इंटर्न म्हणून आलेलं बघितलंय म्हणून दोन शब्द.

पीआय साहेब 'उद्यापासून ये' म्हणाले ही त्यांची माया झाली पण साहेबांची बदली कधी होईल ते साहेबांनाही माहीत नसतं. निम्मे तास भरले आणि साहेब गेले दुसऱ्या स्टेशनात, नवीन आलेला म्हणणार ही कोण, हिला कोणी बसवली, मी कशाला सही करू? तेव्हा ओळख असली तरी अर्ज वरून आणायचा. कॉलेजचं पत्र एसपी ऑफिसला किंवा पणजीला मुख्यालयात द्यायचं आणि तिथून आलेल्या ऑर्डरवर स्टेशनात जायचं. मग साहेब बदलले तरी ऑर्डर राहते.

दुसरा रस्ता आहे तो कोणी सांगत नाही. केंद्र सरकारचा स्टुडंट पोलीस एक्स्पिरिएन्शियल लर्निंग म्हणून कार्यक्रम आहे, माय भारत पोर्टलवरून नोंदणी होते, ३० दिवसांत १२० तास. तुझ्या चार क्रेडिटचा आकडा बरोब्बर तोच. पोर्टलवर तुझ्या जवळपासचं स्टेशन दिसतंय का बघ, दिसत असेल तर ओळखीपाळखी सोड आणि तिथूनच जा.

आता स्टेशनात काय बघायला मिळतं ते खरं सांगतो. सिनेमातलं काही नाही. भाडेकरूंचे फॉर्म, पासपोर्टची पडताळणी, टुरिस्टाचा मोबाईल हरवला त्याची तक्रार, जत्रेचा बंदोबस्त. पोरगी कॉम्प्युटरवर बरी टाईप करते म्हटल्यावर तिला त्या फॉर्मांपुढेच बसवतात आणि महिना तिथेच जातो. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, माणसं कमी असतात. म्हणून पहिल्याच दिवशी कागद पुढे ठेवायचा, मला तक्रार कशी घेतात, स्टेशन डायरी कशी लिहितात, आरोपीला कोर्टापुढे नेताना काय काय कागद लागतात ते बघायचं आहे, टायपिंग पण करीन. असं सांगितलं की ड्युटी ऑफिसर दाखवतो, पोलिसाला दाखवायला आवडतं, विचारणारं कोणी नसतं.

आईला सांग पणजीला महिला पोलीस स्टेशन आहे, तिथे मागून बघ.

वास्कोचा_पिंटू
@निवृत्त_हवालदार_सत्तरी काका हे बरोबर, पण पंचनाम्याचं सांगायचं राहिलं. आमच्या क्लासमधला एक जण एका पोलीस स्टेशनात इंटर्न होता, त्याला नेलं रेडला बघायला म्हणून, बरा खूश होता तो. तिथे दुसरा पंच मिळेना, साहेब म्हणाले तू शिकलेला आहेस सही कर. केली. डिग्री झाली, पुण्यात नोकरी लागली आणि मग समन्स. मॅनेजरला काय सांगायचं, कसली केस म्हणून? रजा काढून गोव्यात आला, त्या दिवशी साक्ष झालीच नाही, पुढची तारीख. परत आला. आता तो इंटर्नशिप हा शब्द ऐकला तरी शिव्या घालतो.

म्हापशाचा_वकील
हे पिंटूने सांगितलं ते सोन्यासारखं आहे, मी लिहायला हवं होतं. पंच हा कसा पाहिजे, तटस्थ. त्याच स्टेशनात शिकाऊ म्हणून रोज बसणाऱ्या पोराने सही केली तर मी बचावाचा वकील म्हणून उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारणार, तुमच्या सर्टिफिकेटवर सही कोणाची? पीआयची ना? झालं. म्हणजे पोराचा त्रास तर आहेच, वर पोलिसांची केस पण लंगडी होते. साहेब रागावले तरी चालेल पण मुद्देमालाला हात लावू नको, पंचनाम्यावर सही करू नको. 'सर कॉलेजने बंदी केलीय' म्हणून सांग, आणि खरंच कॉलेजच्या पत्रात तसं एक वाक्य घालून घे म्हणजे खोटं बोलायला नको.

फोंडेकर_फॉरेन्सिक
आमच्याकडे लॅबमध्ये पण सेम. इंटर्नला सील केलेली पार्सलं उघडायला देत नाहीत, कारण ज्याच्या हातातून नमुना गेला तो प्रत्येक जण कोर्टात उत्तर द्यायला बांधील. मॉक सॅम्पलवर प्रॅक्टिस. पोरं वैतागतात की खरं काही दिलंच नाही, पण १ जुलै २०२४पासून नवीन कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झालाय त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक एक्स्पर्टने जागेवर जायचं असं आलंय, त्यामुळे लॅबवर लोड वाढणार, इंटर्नकडे बघायला वेळ कोणाला? वेर्ण्याच्या लॅबला अर्ज करायचा असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर आणि भरपूर आधी कर. तुझा विषय बघता मी तरी लॅबच्या नादाला लागलो नसतो.

सायली_समुपदेशक
मी मुलांच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करते, दरवर्षी सोशल वर्क आणि लॉच्या मुली आमच्याकडे येतात. वकीलसाहेबांशी एका बाबतीत माझं पटत नाही. कोर्टात मागच्या बाकावर बसून तारीख पे तारीख ऐकणं म्हणजे क्रिमिनल जस्टिस कळणं नव्हे. गुन्हा झाल्यावर माणसांचं पुढे काय होतं, ते कोर्टात दिसत नाही.

उदाहरण सांगते. कायद्याशी संघर्षात आलेलं मूल बाल न्याय मंडळापुढे हजर केलं की प्रोबेशन ऑफिसरला सामाजिक तपासणी अहवाल करावा लागतो, मंडळ त्याला १५ दिवस देतं. त्यासाठी घरी जायचं, आईशी बोलायचं, शाळा का सुटली, कोणाच्या संगतीत होता, घरात पितात का, वाड्यावर लोक काय म्हणतात, आणि हे सगळं अशा भाषेत लिहायचं की मंडळावरच्या माणसांना त्या मुलाचं काय करायचं ते ठरवता यावं. मुली येतात तेव्हा लिहितात 'मुलगा वाया गेलेला आहे'. मी खोडते. वाया गेला हे तुझं मत, तू काय पाहिलंस ते लिही. सकाळी अकराला गेले तर घरी एकटाच होता, आई हॉटेलात कामाला, चुलीवर काल रात्रीचा भात, वह्या दप्तरातच. असं लिहायला जमलं की मग मी सही करते, तास भरले म्हणून नाही.

पण नियम कडक आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४मध्ये मुलाची ओळख उघड झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पॉक्सोच्या केसेसना वेगळं कलम आहे, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख जपायला भारतीय न्याय संहितेत ७२ आहे. तुझी डायरी कॉलेजात जाणार, तिथे चार जण वाचणार, म्हणून डायरीत नाव नाही, गाव नाही, शाळा नाही, बापाचा धंदा पण जपून, आपल्या गोव्यात गाव एवढे लहान की 'अमुक गावातल्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा मुलगा' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. 'मुलगा, वय १५, उत्तर गोवा' बस. आणि स्टेटसला फोटो तर अजिबात नाही, एका मुलीला ह्याच कारणासाठी मध्येच थांबवावं लागलं होतं.

मेरशीचं अपना घर असो की दुसरं कुठलं सरकारी बालगृह, परवानगी महिला आणि बाल विकास संचालनालयाकडून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो. मे महिन्यात जायचं असेल आणि एप्रिलमध्ये अर्ज करत असशील तर विसर. संस्थेमार्फत येणं सोपं, आमच्यासारख्या संस्था किंवा वास्कोत 'अर्ज' नावाची संस्था आहे, मानवी तस्करीवर काम करते, पण तिथेही फोन करून बोल, मेल वाचायला कोणाला फुरसत नसते.

जर्सीतला_पेडणेकर
मी अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसमध्येच मास्टर्स केलंय, इकडची पद्धत सांगतो, तुला तुलना करायला बरं.

इकडे इंटर्नशिप हा चक्क एक विषय म्हणून रजिस्टर करतात, बहुतेक ठिकाणी तीन क्रेडिटचा. एका क्रेडिटला साधारण ४० ते ५० तास, म्हणजे १२० ते १५० तासांचं काम, पण प्रत्येक कॉलेजचा आकडा वेगळा. गंमत म्हणजे फुकट काम करायचं आणि वर त्या क्रेडिटची फी पण भरायची. उन्हाळ्यात घेतलं तर समर ट्यूशन वेगळी. आमच्या आईला हे अजून कळलेलं नाही, ती विचारते काम तू केलंस आणि पैसे पण तूच दिलेस?

रजिस्टर करायच्या आधी लर्निंग अॅग्रीमेंट नावाचा कागद होतो, त्यावर तीन सह्या, तुझी, जिथे जाणार तिथल्या सुपरवायझरची आणि कॉलेजातल्या प्रोफेसरची. काय शिकणार, कसं दाखवणार, कोण तपासणार सगळं त्यात. मग दर आठवड्याला जर्नल, शेवटी एक पेपर, आणि सुपरवायझरचा फॉर्म. पुष्कळ कॉलेजांत ग्रेड नाही, नुसतं पास की नापास. आमच्या हँडबुकात असंही होतं की नातेवाईकाच्या हाताखाली केलं तर धरणार नाही, आणि आधीच पोलिसात नोकरीला असलेल्याने रोजचंच काम इंटर्नशिप म्हणून दाखवायचं नाही, काहीतरी नवीन करायचं. काकांचे मित्र नातेवाईक नाहीत तरी तुझ्या कॉलेजचा नियम विचारून ठेव.

इकडे बॅकग्राउंड चेक होतो, बोटांचे ठसे देतात, त्यात आठवडेच्या आठवडे जातात. आम्हा स्टुडंट व्हिसावाल्यांना वर आणखी सीपीटी, म्हणजे शिकता शिकता काम करायची परवानगी. आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं पाहिजे, काम कोर्सचा भाग पाहिजे, आणि आय-२० वर, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, मंजुरी छापून आल्याशिवाय एक दिवस पण पाय टाकायचा नाही, फुकट काम असलं तरी. पोरं हीच रिस्क घेतात. फुलटाइम सीपीटी १२ महिने झाली की डिग्रीनंतर काम करायची परवानगी, ओपीटी, हातची गेली. एफबीआयसारख्या ठिकाणी तर सिटिझनच लागतो, त्यामुळे आपली पोरं जातात ती पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसात, पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांत. मी पण अशाच एका ठिकाणी होतो आणि सांगतो, कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीला आलेल्या म्हातारीला तुमचा नंबर अजून तासाभराने आहे, तोवर इथे बसा, पाणी हवं का, एवढं सांगायचं काम पण कोणीतरी करावं लागतं हे मला तिथे कळलं. पुस्तकात व्हिक्टिम सर्व्हिसेसचं अख्खं चॅप्टर होतं, ही ओळ नव्हती.

आधी केलेल्या कामाला मागाहून क्रेडिट, हे इकडे जवळपास अशक्य. तुझे सर जे सांगतात ते ऐकून हसूच आलं.

झरीवाला_मेरशी
फी भरून फुकट काम, पात्राव ह्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे

डिचोलीकरीण
बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. देव बरें करूं सगळ्यांचं.

काल सरांना मेल केला, वकीलकाकांनी सांगितलं तसा डायरीचा फॉर्मॅट जोडून. लगेच रिप्लाय आला, 'फॉर्मॅट चांगला आहे, बाकीच्यांना पण पाठवा', म्हणजे आता अख्ख्या बॅचचं काम माझ्या गळ्यात. पण लेखी आलं की तासांचा तक्ता आणि डायरी असेल तर चार क्रेडिट धरू, दोन ठिकाणी निम्मे निम्मे तास केले तरी चालतील. पत्रात पंचनाम्याचं वाक्य पण घालतो म्हणाले. पोलीस स्टेशन सोडलं, आई खूश, बाबा काकांच्या मित्रांना काय सांगू म्हणून बसलेत. आता ६० तास म्हापशाला वकिलांकडे आणि ६० तास संस्थेत असा विचार आहे. संस्थेला फोन केला तर दोन मिनिटांत बोलणं झालं, सायलीताई तुम्ही म्हणालात तसंच.

पण जेलचं राहिलंच. कोणी कोलवाळला गेलंय का? आणि शिकायचं काय ते मी असं लिहिलंय, बघा बरोबर आहे का: 'फौजदारी न्यायव्यवस्थेचे सखोल ज्ञान संपादन करणे व विविध घटकांचा अभ्यास करणे'.

सायली_समुपदेशक
खोड ते. हे वाचून तू काय करणार ते तुलाही कळणार नाही. असं लिही: जामिनाच्या पाच अर्जांत आरोपीने काय कारणं दिली आणि कोर्टाने काय मानली त्याची तुलना करीन. किंवा, तपासणी अहवालाचा नमुना काल्पनिक माहिती घालून स्वतः भरीन आणि सुपरवायझरकडून तपासून घेईन. झालं की नाही झालं हे कोणालाही सांगता आलं पाहिजे.

म्हापशाचा_वकील
सायलीताईंनी माझं कोर्ट पण कामाला लावलं, बरं झालं.

जेलचं असं आहे, आत जायला तुरुंग महानिरीक्षकांची परवानगी लागते आणि एकट्या विद्यार्थ्याला रोज आत बसवून ठेवणं अवघड, सुरक्षेचा प्रश्न असतो. पण तुझा प्रोजेक्ट जेलवर असेल तर आत न जाता पण होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७च्या कायद्याखाली कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, तो मिळवून देणं हे त्यांचं काम, आणि तुरुंगातले कच्चे कैदी हाच त्यांचा मोठा विषय. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला कच्चा कैदी जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश एवढा काळ आत राहिला की बाँडवर सोडायचा, बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही, आणि एकाहून जास्त केसेस असल्या तरी नाही. कागदावर सोपं आहे, पण कोणाचा एक तृतीयांश कधी भरला हे मोजतं कोण, कोर्टात अर्ज कोण घालतं, बाँड द्यायला माणूस नसेल तर काय, ह्यावर तुझा प्रोजेक्ट उभा राहतो. विधी सेवाच्या पॅनेलवरचा वकील एखाद्या दिवशी जेलमधल्या कायदा सल्ल्याच्या क्लिनिकला जाताना परवानगी काढून तुला बरोबर नेईल, पण तो बोनस समज, क्रेडिटचा हिशेब त्याच्यावर ठेवू नको.

आता महत्त्वाचं. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. रिमांड, जामीन, असली तातडीची कामं तेवढी चालतात, साक्षीपुरावे बघायला मिळणार नाहीत. म्हणून संस्थेचे तास मे महिन्यात भर आणि माझ्या दोस्ताकडे, म्हणजे तुझे म्हापशाचे वकील मला माहीत आहेत बहुतेक, जूनमध्ये जा. सकाळी बोर्ड लागतो बाहेर, त्यात पुराव्याला लागलेली केस बघून त्या कोर्टात बस, आणि शक्य तर एकाच केसच्या पुढच्या तारखेलाही जा म्हणजे साक्षीदार का आला नाही ते पण कळेल.

डिचोलीकरीण
जूनच्या शेवटी कॉलेज सुरू होतं, ६० तास बसतील ना तेवढ्यात? आणि तासांवर सही रोज घ्यायची की शेवटी?

निवृत्त_हवालदार_सत्तरी
बसतात. दिवसाला चार पाच तास धरलेस तरी तीन आठवड्यांत होतात, पावसात बस उशिरा आली तरी एखादा दिवस हाताशी राहतो.

सही आठवड्याला घे, शेवटी नाही. शेवटी गेलीस तर वकील सुनावणीत असणार आणि संस्थेची मॅडम मीटिंगला. वहीत चार रकाने कर, तारीख, आलेली वेळ, गेलेली वेळ, काय बघितलं ते एका ओळीत. सहीच्या खाली नाव, हुद्दा आणि तारीख लिहायला सांग, नुसता शिक्का नको. आणि प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी कॉलेजच्या मेलवर टाकून ठेव, वही पावसात भिजली तर परत सह्या गोळा करत फिरायला नको.